वॉनस्टेडचा नाहीसा झालेला प्रासाद आणि त्याचे धनी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनच्या पूर्वेला वॉनस्टेड पार्कमध्ये हिंडताना तळी दिसतात, सरळ रेषेत लावलेल्या झाडांच्या रांगा दिसतात, पण त्या रांगा ज्या घराकडे जायला हव्यात ते घर मात्र कोठेच दिसत नाही. तेथे एके काळी मोठा प्रासाद होता आणि त्याच्या धन्यांमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जोसाया चाइल्डचे नाव येते, एवढे आपल्याला कळले आहे. तो प्रासाद कोणी बांधला, शंभर वर्षांच्या आतबाहेर तो का पाडला, एका उधळ्या जावयाने तो घालवला ही प्रचलित कथा कितपत खरी, आणि मुंबईशी या सगळ्याचा काही संबंध आहे का, हे आपण विचारले आहे.

जुन्या इमारतींची मोजणी आणि जतन हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि या कामाने मला एक सवय लावली आहे. घर पडले असे कोणी सांगितले की मी आधी घराचे कागद पाहतो. ऊन, पाऊस, वाळवी आणि युद्ध यांनी जितकी मोठी घरे पाडली त्यापेक्षा अधिक घरे मृत्युपत्रांनी, वाटण्यांनी आणि गहाणखतांनी पाडली आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे. वॉनस्टेड हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. जावई उधळा होता यात शंका नाही. पण उधळेपणाने घर कर्जात जाते, लगेच जमीनदोस्त होत नाही. ते जमीनदोस्त झाले, कारण त्या मालमत्तेतील जमीन विवाहाच्या व्यवस्थापत्रात अडकलेली होती आणि दगड, शिसे, लाकूड, संगमरवर एवढेच काय ते पैशात बदलता येण्यासारखे उरले होते. हे नीट समजण्यासाठी धन्यांची मालिका सुरुवातीपासून पाहावी लागेल.

प्रासाद उभा राहण्याच्या आधीही वॉनस्टेडला एक जुने घर होते आणि ते राजदरबाराच्या फार जवळचे होते. १५५३ मध्ये मेरी ट्यूडर राणी म्हणून लंडनमध्ये प्रवेश करण्यापूर्वी येथे थांबली होती. पुढे ते घर एलिझाबेथ राणीच्या लाडक्या रॉबर्ट डडली, अर्ल ऑफ लेस्टर, याच्याकडे आले. मे १५७८ मध्ये राणी त्याच्याकडे पाहुणी आली, तेव्हा तिच्या करमणुकीसाठी डडलीचा भाचा फिलिप सिडनी याने एक छोटे नाट्य लिहिले. आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबर रोजी याच घरात डडलीने लेटिस नोलिस हिच्याशी गुपचूप लग्न केले. ही बातमी कळल्यावर राणीने लेटिसला पुन्हा कधीही मनापासून क्षमा केली नाही. नंतरच्या शतकात हे घर सर हेन्री मिल्डमे या राजाच्या जडजवाहिराच्या अधिकाऱ्याकडे होते. पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालवण्यासाठी नेमलेल्या न्यायाधीशांत तो होता, म्हणून राजसत्ता परत आल्यावर त्याची मालमत्ता जप्त झाली. वॉनस्टेडच्या धन्यांचे भाग्य दरबाराच्या कृपेवर किती अवलंबून होते, हे एवढ्यावरून कळते. जोसाया चाइल्डने १६७० च्या दशकात ही इस्टेट विकत घेतली आणि तेव्हापासून तिचा पैसा दरबारातून नव्हे, तर व्यापारातून येऊ लागला.

चाइल्डचे चरित्र हे सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पैसा कसा उभा राहत होता याचा धडाच आहे. तो पोर्टस्मथला आरमाराला रसद आणि बिअर पुरवणारा व्यापारी होता आणि १६५८ मध्ये त्या गावाचा महापौरही झाला. व्याजदर कमी असावा म्हणून त्याने लिहिलेल्या पुस्तिका अर्थशास्त्राच्या इतिहासात आजही वाचल्या जातात. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते. पण त्याची खरी सत्ता होती ती ईस्ट इंडिया कंपनीत. १६८० च्या दशकात तो कधी गव्हर्नर, कधी उपगव्हर्नर होता, आणि पद कोणतेही असले तरी कंपनी त्याच्या इच्छेने चालत असे. १६७८ मध्ये त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरेने चालणारी ‘सर’ची पदवी मिळाली. दैनंदिनीकार जॉन ईव्हलिन मार्च १६८३ मध्ये वॉनस्टेडला गेला, तेव्हा चाइल्डने अक्रोडाची झाडे लावण्यावर आणि मासे पाळण्याची तळी खोदण्यावर केलेला अफाट खर्च पाहून त्याने नाराजी नोंदवून ठेवली आहे: एकाएकी श्रीमंत झालेली माणसे अशाच ओसाड जागी जाऊन वसतात, असा त्याच्या लिहिण्याचा रोख आहे. त्याच नोंदीत तो चाइल्डची मालमत्ता २,००,००० पौंड असल्याचे आणि मुलीच्या लग्नात त्याने ५०,००० पौंड दिल्याचेही ऐकीव म्हणून सांगतो. ही मुलगी ड्यूक ऑफ बोफर्टच्या थोरल्या मुलाला दिली होती. एका पिढीत पुरवठादार, पुढच्या पिढीत उमरावांचे सोयरे, असा हा प्रवास होता.

आता मुंबईविषयी. कंपनीला मुंबई बेट १६६८ मध्ये मिळाले. व्यापार टिकवायचा तर नुसती वखार पुरेशी नाही, तटबंदी, सैन्य आणि महसूल यांच्या जोरावर इंग्रजांचे कायमचे राज्य तेथे उभे केले पाहिजे, असे धोरण चाइल्डच्या काळात लंडनहून सांगितले जाऊ लागले, आणि त्याच धोरणातून १६८६ मध्ये मोगलांशी युद्ध सुरू झाले. पश्चिम किनाऱ्यावर कंपनीचा कारभार सर जॉन चाइल्ड पाहत होता. आडनाव एकच असल्यामुळे त्याला जोसायाचा भाऊ म्हणण्याची जुनी प्रथा आहे आणि मराठीतील काही पुस्तकांतही तसे आढळते. पण अलीकडचे संशोधक हे नाते मान्य करत नाहीत, म्हणून आपणही ते टाळावे. या जॉन चाइल्डने मोगलांची जहाजे पकडण्याचे धाडस केले आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मोगलांच्या वतीने मुंबईवर चालून आला. माझगाव आणि माहीम त्याच्या हाती गेले, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. हे वर्ष मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध केला आणि वर्षअखेरीपर्यंत रायगडही पडला. पश्चिम किनाऱ्यावर मोगलांचे बळ अत्यंत वाढलेले असताना लंडनच्या कचेरीत बसून कंपनीने त्यांच्याशी भांडण ओढवून घेतले होते. शेवटी कंपनीला औरंगजेबाची क्षमा मागावी लागली, दीड लाख रुपये दंड द्यावा लागला आणि जॉन चाइल्डला काढून टाकण्याची अट मान्य करावी लागली. अर्थात ती अट अमलात येण्यापूर्वीच, १६९० मध्ये, तो मुंबईत मरण पावला होता. जोसायाला मात्र वॉनस्टेडमध्ये याची झळ फारशी लागली नाही. तो १६९९ मध्ये अत्यंत श्रीमंत अवस्थेत वारला.

मुंबईच्या पैशातून वॉनस्टेडचा प्रासाद उभा राहिला असे सरळ विधान आपल्याला वाचायला मिळेल. मी ते तसे करणार नाही. जोसायाच्या संपत्तीत आरमाराचा पुरवठा होता, कंपनीचे भाग आणि त्यांवरचा लाभांश होता, कर्जाऊ दिलेला पैसा होता. आणि प्रासाद त्याने बांधलाच नाही, तो त्याच्या मुलाने बांधला, ज्याला बायकोच्या बाजूनेही मोठी मालमत्ता मिळणार होती. परंतु कंपनी नसती तर हे घराणे त्या उंचीला पोहोचले नसते, आणि कंपनीच्या त्या वर्षांच्या धोरणाची किंमत माझगाव आणि माहीमच्या रहिवाशांनी मोजली, हे दोन्ही निःसंशय खरे आहे.

मुलाचे नाव रिचर्ड चाइल्ड. सावत्र भाऊ १७०४ मध्ये वारल्यावर वॉनस्टेड त्याच्याकडे आले. पुढे तो आयर्लंडच्या उमरावांत प्रथम व्हायकाउंट कॅसलमेन आणि नंतर अर्ल टिल्नी झाला. टिल्नी हे आडनाव त्याने पत्नी डोरथी हिच्या मातुल घराण्याच्या वारशामुळे घेतले. १७१५ च्या सुमारास त्याने जुने घर बाजूला सारून कोलन कॅम्पबेल या तरुण स्कॉटिश वास्तुविशारदाकडे नव्या घराचे काम दिले. या नेमणुकीचे महत्त्व सांगितल्याशिवाय वॉनस्टेड पाडण्यात काय गेले ते समजणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

त्या वेळी इंग्लंडमध्ये मोठे घर म्हणजे व्हॅनब्रू आणि हॉक्समूर या वास्तुविशारदांच्या पद्धतीचे, मनोऱ्यांनी आणि खालीवर होणाऱ्या छपरांनी नाट्यमय केलेले घर असे समीकरण होते. कॅम्पबेलने ते नाकारले. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद पलाडिओ आणि इंग्लंडमधील त्याचा अनुयायी इनिगो जोन्स यांच्याकडे परत जावे, रचनेत प्रमाण असावे, भिंत शांत असावी आणि भव्यता एकाच ठिकाणी एकवटावी, असा त्याचा आग्रह होता. वॉनस्टेडला ते एक ठिकाण म्हणजे दर्शनी बाजूच्या मधोमध असलेली सहा कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या, खांबांची देवडी, अर्थात दर्शनी मंडप. तिच्यावर मंदिरासारखा त्रिकोणी माथा, दोन्ही बाजूंनी वर चढत जाणारे जिने, आणि दोन्हीकडे लांबच लांब पसरलेली पोर्टलंड दगडाची भिंत. दर्शनी लांबी २६० फूट होती. खालचा मजला खडबडीत दगडकामाचा आणि मुख्य दालने त्याच्या वरच्या मजल्यावर होती. राज्यात अशा प्रकारे बांधलेली ही पहिलीच सहा खांबांची देवडी, असा दावा कॅम्पबेलने स्वतः केला होता.

याच वर्षी, १७१५ मध्ये, ‘विट्रुव्हियस ब्रिटानिकस’ या त्याच्या आराखड्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि त्यात वॉनस्टेडचे दोन आराखडे होते. तिसरा आराखडा १७२५ च्या खंडात आला. जाणकारांचीही येथे वारंवार फसगत होते, कारण छापलेले चित्र म्हणजे बांधलेले घर असे ते धरून चालतात. दुसऱ्या आराखड्यात दिसणारा मधला घुमटवजा मनोरा कधी बांधला गेला नाही; तिसऱ्या आराखड्यातील दोन्ही टोकांचे मनोरेही कागदावरच राहिले. पडलेल्या घराचा अभ्यास करणाऱ्याने छापील आराखडा, प्रत्यक्ष पाहून काढलेली चित्रे आणि जमिनीवरच्या खुणा या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या पाहिजेत. वॉनस्टेडच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे, कारण न बांधलेल्या आराखड्यांनीही पुढे घरे घडवली. यॉर्कशायरमधील वेंटवर्थ वुडहाऊसची प्रचंड पूर्व बाजू, बाथजवळचे प्रायर पार्क आणि लंडनच्या महापौरांचे मॅन्शन हाऊस या सर्वांच्या रचनेत वॉनस्टेडचा धागा स्पष्ट दिसतो. मूळ घर पाहायचे असेल तर आज त्याच्या या वंशजांकडेच जावे लागते.

आतील सजावट विल्यम केंटने केली. छतांवरची चित्रे त्याची होती. १७२८ ते १७३१ या काळात विल्यम होगार्थने या घराण्याचे एक सामूहिक चित्र रंगवले, ज्यात नवराबायको, मुले आणि पाहुणे चहा घेत, पत्ते खेळत दिवाणखान्यात बसले आहेत. ते चित्र आता अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. ते पाहताना मला नेहमी वाटते की घराची समृद्धी त्यात खरी आहे, पण खोलीचा तपशील मोजमाप म्हणून वापरू नये. चित्रकाराला माणसे दाखवायची होती.

बागेचे काम तर घराच्या आधीच सुरू झाले होते. जॉर्ज लंडन या नामांकित उद्यानकाराने झाडांच्या लांबच लांब रांगा आखल्या, नंतर रोडिंग नदीच्या बाजूला पाण्याचे विस्तीर्ण जाळे तयार झाले. १७१५ मध्ये अशाच एका रांगेसाठी खड्डे खणताना मजुरांना रोमन काळातील रंगीत तुकड्यांची फरसबंदी सापडली. शेजारच्या आल्डर्सब्रुकच्या स्मार्ट लेथ्यूलियर या पुरातत्त्वप्रेमी गृहस्थाने तिचे वर्णन नोंदवले म्हणून ती आपल्याला माहीत आहे. प्रत्यक्ष फरसबंदी त्या खोदकामातच नष्ट झाली. एक घर उभारताना त्याच जागेवरचे दीड हजार वर्षे आधीचे घर असे मोडून गेले, याची हळहळ मला आजही वाटते. या परिसराची जमीन बरीचशी कंकरमिश्रित असल्यामुळे तळ्यांत पाणी टिकवणे ही तेव्हाही कटकट होती आणि आजही आहे.

दुसरा अर्ल, जॉन टिल्नी, १७५० मध्ये धनी झाला. त्याने बागेत दगडी गुहा आणि छोटे देवालयवजा घर बांधले, पण आयुष्याचा मोठा भाग त्याने इटलीत काढला आणि १७८४ मध्ये नेपल्स येथे तो अविवाहित वारला. पदवी त्याच्याबरोबर संपली. इस्टेट बहिणीच्या मुलाकडे, सर जेम्स टिल्नी-लाँग याच्याकडे गेली. तो १७९४ मध्ये वारला तेव्हा मुलगा तान्हा होता, आणि तो मुलगाही १८०५ मध्ये बालवयातच गेला. या सगळ्या वर्षांत वॉनस्टेड विश्वस्तांच्या ताब्यात होते. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे देशोधडीला लागलेले प्रिन्स द काँडे आणि बूर्बों राजघराण्यातील मंडळी काही काळ तेथे भाड्याने राहत होती. माझ्या दृष्टीने वॉनस्टेडचा ऱ्हास येथेच सुरू होतो. १७८४ पासून सुमारे तीस वर्षे या घरात मन घालून राहणारा, छपराकडे आणि पन्हळींकडे रोज लक्ष देणारा धनी नव्हता. मोठ्या घराला अशी तीन दशके फार असतात.

बालवयात गेलेल्या त्या मुलाची थोरली बहीण कॅथरिन, जन्म १७८९, ही आता सर्वांची वारस झाली. तिचे वार्षिक उत्पन्न ४०,००० पौंडांच्या घरात असल्याचे त्या काळी बोलले जाई आणि उमराव नसलेल्या घराण्यांतील इंग्लंडची सर्वांत श्रीमंत मुलगी अशी तिची ख्याती होती. राजपुत्र ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, म्हणजे पुढचा चौथा विल्यम राजा, याने तिला मागणी घातली होती. तिने ती नाकारली आणि १४ मार्च १८१२ रोजी विल्यम वेलस्ली-पोल या देखण्या, कर्जबाजारी तरुणाशी लग्न केले. हा आपल्या इतिहासातील वेलस्ली बंधूंचा पुतण्या. एक काका रिचर्ड वेलस्ली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. दुसरा काका आर्थर याने १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, मग अडगाव आणि गाविलगड जिंकला, आणि पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉनस्टेडचा पाया घालणारा पैसा ज्या कंपनीने दिला, तिच्याच युद्धांतून मोठे झालेले घराणे शेवटी त्याचे धनी व्हावे, हा योगायोग असला तरी त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो दुर्मीळ नव्हता.

लग्नानंतर नवऱ्याने आपले नाव पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असे लांबवले. बागेचा कायापालट करण्यासाठी हम्फ्री रेप्टन या नामवंत उद्यानकाराला बोलावले. इस्टेटीतून जाणारा लोकांचा जुना रस्ता बंद करण्याचा प्रयत्न केला आणि १८१३ मध्ये त्याबाबतचा खटला गमावला. १८१४ मध्ये नेपोलियनवरील विजयानंतर काका वेलिंग्टनच्या सन्मानार्थ त्याने वॉनस्टेडला प्रचंड मेजवानी दिली आणि प्रिन्स रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा युवराज, तिला हजर होता. शिकार, निवडणुका, जुगार आणि थाटमाट यांत कर्ज वाढत गेले आणि १८२२ मध्ये सावकारांचा ससेमिरा चुकवण्यासाठी त्याला देश सोडावा लागला.

आता मूळ प्रश्नाचा गाभा. एवढ्या उत्पन्नाच्या माणसाने थोडी जमीन विकून कर्ज फेडले का नाही? कारण ती जमीन विकण्याचा त्याला अधिकार नव्हता. इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत लग्नाच्या वेळी एक व्यवस्थापत्र होत असे, ज्याने आजच्या धन्याला मालमत्तेवर फक्त हयातीपुरता हक्क मिळे. तो उत्पन्न खाऊ शके, पण मूळ जमीन विश्वस्तांमार्फत पुढच्या पिढीच्या मुलासाठी राखलेली असे. एखाद्या पिढीत उधळा निघाला तरी घराणे वाचावे, हाच त्याचा हेतू. कॅथरिनच्या इस्टेटीवर असे बंधन होते आणि ते आपल्या कामात यशस्वी झाले: जमीन खरोखरच तिच्या मुलाकडे गेली. पण जमीन हलवता येत नाही म्हटल्यावर कर्जाचा सगळा भार हलवता येणाऱ्या वस्तूंवर येऊन पडला. जून १८२२ मध्ये जॉर्ज रॉबिन्स या त्या काळच्या प्रसिद्ध लिलाववाल्याने वॉनस्टेडच्या सामानाचा लिलाव पुकारला. तो ३२ दिवस चालला आणि त्यातून सुमारे ४१,००० पौंड आले. त्या लिलावाची छापील यादी म्हणजे आज या घराच्या अंतर्भागाचा सर्वांत चांगला दस्तऐवज आहे: पडदे, आरसे, पलंग, चित्रे, पुतळे, सगळे एकेका खोलीच्या नावाखाली नोंदलेले. ज्या क्षणी घर मोडले त्याच क्षणी ते सर्वांत काटेकोरपणे लिहिले गेले, आणि असे मी आपल्याकडच्या वाड्यांच्या बाबतीतही पाहिले आहे. वाटणीच्या वेळी केलेल्या याद्यांइतकी अचूक नोंद कोणी एरवी करत नाही.

रिकाम्या घरासाठी गिऱ्हाईक मिळाले नाही. उमरावांना लंडनजवळच्या मोठ्या प्रासादाची हौस उरली नव्हती, आणि जमिनीशिवाय, उत्पन्नाशिवाय २६० फूट लांबीचे घर कोण घेणार? दुसरीकडे १८२० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये बांधकामाला विलक्षण तेजी होती. घडवलेला पोर्टलंड दगड, छपराचे शिसे, उत्तम वाळलेले तुळईचे लाकूड, संगमरवरी शेकोट्या, हे सगळे बाजारपेठेपासून काही मैलांवर आयते उभे होते. १८२४ मध्ये घर केवळ बांधकामाचे साहित्य म्हणून सुमारे १०,००० पौंडांना विकले गेले आणि पाडकाम सुरू झाले. घर आणि बागा मिळून ३,६०,००० पौंड खर्च झाला होता असा जुन्या ग्रंथांतील आकडा आहे. तो फुगवलेला असला तरी तफावत केवढी, हे दिसतेच. घर उभे असताना त्याची किंमत शून्याजवळ होती, मोडल्यावर दहा हजार होती. मोजणीच्या कामात मी अनेकदा मालकांसमोर हाच हिशेब मांडलेला पाहिला आहे. चिरेबंदी वाड्याचा दगड आणि सागवान विकून त्याच्या देखभालीपेक्षा अधिक पैसे येतात असे कागदावर दिसले की पुढचा निर्णय फारसा लांबत नाही.

कॅथरिन १२ सप्टेंबर १८२५ रोजी वारली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तोवर नवरा दुसऱ्या एका विवाहितेबरोबर राहत होता. आपल्या तीन मुलांचा ताबा त्याला मिळू नये अशी तिची शेवटची इच्छा होती आणि वेलिंग्टनने त्या मुलांची बाजू घेतली. लॉर्ड चॅन्सेलर या वरिष्ठ न्यायपदावरील एल्डनने १८२७ मध्ये बापाच्या व्यभिचारी वर्तनावरून मुलांचा ताबा त्याच्याकडून काढून घेतला आणि १८२८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल कायम केला. बापाचा हक्क जवळजवळ निरपवाद मानणाऱ्या त्या काळात मुलांच्या हितासाठी न्यायालय मध्ये पडू शकते, हे या निकालाने पक्के केले आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो. १८३१ मध्ये वेलस्लीने मुलीला ताब्यातून पळवून नेले, तेव्हा तो संसदेचा सभासद असूनही न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला तुरुंगात टाकण्यात आले. घर गेल्यानंतरचे हे प्रकरण मला घराच्या कथेपासून वेगळे करता येत नाही. दगडांच्या बाबतीत कायद्याने जे वाचवले नाही ते मुलांच्या बाबतीत, उशिरा का होईना, वाचवले. वेलस्ली १८५७ मध्ये लंडनमधील भाड्याच्या खोल्यांत वारला. तेव्हा तो नावाने अर्ल ऑफ मॉर्निंग्टन होता आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यावर जगत होता. मुलगा १८६३ मध्ये अविवाहित वारला आणि इस्टेट चुलत घराण्यातील अर्ल कौली याच्याकडे गेली.

एक सावधगिरी येथे नोंदवतो. इंग्लंडमधील शेकडो कंट्री हाऊसेस, म्हणजे जमीनदारांची खेड्यातील मोठी घरे, विसाव्या शतकात पाडली गेली, आणि १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांवर मोठे प्रदर्शन भरल्यापासून पडलेले घर म्हटले की लोक त्याच लाटेचा विचार करतात. त्या लाटेची कारणे वेगळी होती: शेतजमिनीचा घसरलेला खंड, १८९४ पासूनचा वारसाकर, महायुद्धांत सैन्याने वापरून खिळखिळी केलेली घरे, नोकरचाकरांचा तुटवडा. वॉनस्टेड त्यापूर्वी सुमारे शतकभर पडले. त्याचे नाते १७४७ मध्ये विकून मोडलेल्या ड्यूक ऑफ चँडोसच्या कॅनन्स या प्रासादाशी आहे. तोही लंडनच्या जवळ, तोही कर्जात, तोही तुकड्यांनी विकलेला.

आपण पुन्हा तेथे जाल तेव्हा काय पाहावे, ते सांगतो. उद्यानाचा मोठा भाग कॉर्पोरेशन ऑफ लंडनने अर्ल कौलीकडून घेऊन १८८२ मध्ये लोकांसाठी खुला केला. तळी आणि बागेतले देवालयवजा घर तेथे आहेत. पाण्याकाठची गुहा १८८४ मध्ये आगीत जळाली, तिचा दर्शनी अवशेष उभा आहे. प्रत्यक्ष घराची जागा गोल्फ क्लबच्या मैदानात आहे: पाया खणून काढलेल्या ठिकाणी एक लांबट खळगा, आणि समोर बेसिन नावाचे तळे. क्लबची इमारत म्हणजे जुने तबेले. रस्त्यालगत दगडी प्रवेशस्तंभ शिल्लक आहेत. त्यांच्यावरची गुंफलेली अक्षरे नीट पाहा, ती रिचर्ड चाइल्डच्या नावाची आहेत. घरातल्या काही शेकोट्या नॉर्थंबरलँडमधील चिलिंगहॅमच्या किल्ल्यात पोहोचल्या. मैदानाजवळच सेंट मेरी चर्च आहे, १७९० च्या सुमारास थॉमस हार्डविकने बांधलेले. चर्च उघडे असेल ती वेळ साधून आत जा. वेदीजवळ जोसाया चाइल्डचे भव्य संगमरवरी स्मारक आहे. रोमन सेनानीचा पोशाख, डोक्यावर मात्र सतराव्या शतकातला कुरळ्या केसांचा टोप, आणि पायाशी आडवा पहुडलेला मुलगा बर्नार्ड. जुने चर्च पाडल्यावर हे स्मारक नव्यात आणून बसवले. ज्या इस्टेटीवर त्याच्या घराण्याने तीन पिढ्यांचा पैसा ओतला, तिच्या आठवणीतले आज अखंड उभे असलेले सर्वांत भव्य शिल्प मला हेच वाटते.